चोच ओली करणाऱ्यांचे राज्य

दि. १० जानेवारी १९९१ रोजी सिसिली बेटावरील पालेर्मो शहराच्या ‘जोर्नाले दि सिचिलिया’ या दैनिकात एक पत्र प्रसिद्ध झाले. पत्राचा मायना होता ‘प्रिय खंडणीखोरा’. पत्र लिहिणारे लिबेरो ग्रास्सी हे शहरातील एक कारखानदार. पायजमे आणि अंतर्वस्त्रे शिवण्याचा त्यांचा कारखाना होता, पदरी शंभराच्या आसपास कामगार होते. पत्राचा आशय अगदी साधा होता. धमकीच्या दूरध्वनीचा आणि वाती, बॉम्ब, काडतुसे यांचा खर्च वाचवा; आम्ही वर्गणी देणार नाही, पोलिसांकडे संरक्षण मागितले आहे; हा कारखाना आपल्या हातांनी उभारला आहे आणि तो बंद करण्याचा विचार नाही. बस्स, एवढेच.

जगाच्या पाठीवर कोणत्याही सुसंस्कृत देशात असे पत्र लिहिणाऱ्याच्या पाठीशी समाज उभा राहील अशी अपेक्षा करावी. पालेर्मोत उलटे घडले. स्थानिक कारखानदार संघटनेच्या अध्यक्षांना ग्रास्सींचे वागणे हा प्रसिद्धीचा तमाशा वाटला. एप्रिल महिन्यात शेजारच्या कातानिया शहरातील एका न्यायाधीशाने, उद्योजकाने माफियाला संरक्षणाचे पैसे देणे हा गुन्हा ठरत नाही, असा निर्णय दिला. ग्रास्सी दूरचित्रवाणीवर देशासमोर बोलले. देशाने कौतुकाने ऐकले आणि दुसऱ्या कामाला लागला. दि. २९ ऑगस्ट १९९१ च्या सकाळी, घरातून कारखान्याकडे निघालेल्या ६७ वर्षांच्या या गृहस्थाला रस्त्यात गोळ्या घालण्यात आल्या. लिबेरो या शब्दाचा अर्थ ‘मुक्त’.

संघटित गुन्हेगारी म्हणजे काय, याचे उत्तर पुष्कळांच्या मनात चित्रपटांनी घालून ठेवले आहे. १९७२ च्या ‘गॉडफादर’पासून मुंबईच्या हिंदी चित्रपटांपर्यंत एक रुबाबदार, कुटुंबवत्सल, शब्दाला जागणारा ‘डॉन’ पडद्यावर वावरतो आणि सुशिक्षित घरांतील मुलेही त्याचे संवाद पाठ करतात. प्रत्यक्षातील डॉन हा भाजीवाल्याच्या, न्हाव्याच्या, पावभट्टीवाल्याच्या गल्ल्यात हात घालणारा इसम असतो. सिसिलीत या वसुलीला ‘पिझ्झो’ म्हणतात. हा शब्द पक्ष्याच्या चोचीवरून आला, असे सांगितले जाते. ‘चोच ओली करू दे’ म्हणजे तुझ्या पाण्यातले चार थेंब मलाही घेऊ दे! मुंबईत यालाच ‘हप्ता’ म्हणतात. दोन्ही शब्दांत एक गोंडस सौम्यपणा आहे. चोच लहान असते आणि हप्त्याने दिलेले जाणवत नाही.

या लहानपणातच खरी मेख आहे. अमली पदार्थांच्या व्यापारात माफियाला मिळणाऱ्या पैशापुढे फुटकळ दुकानदाराची वर्गणी म्हणजे दर्यामे खसखस. मग ती गोळा करण्याचा आटापिटा कशासाठी? कारण ती वसुली पैशासाठी नसतेच. कर कोणाला द्यायचा, यावरून राज्य कोणाचे हे ठरते. महिन्याच्या महिन्याला निमूटपणे पाकीट देणारा दुकानदार केवळ पैसे देत नाही. या गल्लीचा धनी कोण हे तो मान्य करतो. ज्या गल्लीत सगळे देतात तिथे फरारी गुन्हेगाराला लपायला घर मिळते, साक्षीदाराची दृष्टी अधू होते, मतपेटीत कोणाची मते पडणार हे आधी ठरते. चोर, दरोडेखोर कायदा मोडतात. माफिया कायद्याच्या जागी येऊन बसतो. गुन्हेगारांची टोळी आणि संघटित गुन्हेगारी यांतला भेद हा आहे.

ही जागा रिकामी कशी झाली, याचा इतिहास उद्बोधक आहे. १८१२ मध्ये सिसिलीत सरंजामशाही कायद्याने संपली आणि १८६१ मध्ये इटली एक राष्ट्र झाले. जमिनी खासगी मालकीच्या झाल्या, पण मालकीचे रक्षण करणारे राज्य गावापर्यंत पोहोचलेच नाही. त्याच काळात पालेर्मोभोवतीच्या लिंबांच्या बागांना सोन्याचे मोल आले. स्कर्व्हीवर लिंबू हा उतारा असल्याचे आरमारांना कळून चुकले होते आणि जहाजे भरभरून लिंबू परदेशी जात होते. लिंबाची बाग मोठी नाजूक. तिला भिंत लागते, पाटाचे पाणी लागते, रात्रीचा पहारा लागतो. एका रात्रीत झाडे लुटता येतात आणि पाणी तोडले तर एका उन्हाळ्यात बाग जळते. राज्य रक्षण करीत नाही म्हटल्यावर बागायतदारांनी खासगी पहारेकरी नेमले. पहारेकऱ्यांनी लवकरच ओळखले की, चोरीची भीती हीच आपली खरी मिळकत आहे. मग जो पहारा नाकारी त्याच्या बागेत चोरी होऊ लागली! कुंपणच शेत खाऊ लागले, एवढेच नव्हे तर ते खाण्याची मजुरीही मागू लागले. १८७६ मध्ये सिसिलीची पाहणी करणाऱ्या लेओपोल्दो फ्रान्केत्ती या अभ्यासकाला हिंसा हा तिथला एक स्वतंत्र उद्योगधंदाच असल्याचे दिसले. दीडशे वर्षांपूर्वीचे हे निदान आजही जुने झालेले नाही.

निदान असूनही औषध सापडायला शंभर वर्षे लागली. मुसोलिनीच्या राजवटीत १९२५ ते १९२९ या काळात चेझारे मोरी या प्रशासकाने पालेर्मोत दंडुकेशाही केली. जानेवारी १९२६ मध्ये गांजी नावाच्या गावाला वेढा घालून पाणी तोडले, गुरे जप्त केली, फरारींच्या बायकामुलांना ओलीस धरले. कागदोपत्री माफिया संपला. पण १९४३ मध्ये दोस्त सैन्य सिसिलीत उतरले आणि ती हुकूमशाही कोसळली, तसा तो पुन्हा जिवंत झाला. तलवारीने फांद्या छाटल्या जातात. मूळ ज्या भीतीत आणि ज्या गरजेत होते, तिथे मोरीचा हात पोहोचलाच नव्हता.

त्यानंतरच्या लोकशाही राजवटीत तर उलटाच प्रकार झाला. माफिया नावाची काही वस्तू अस्तित्वातच नाही, ती उत्तर इटलीवाल्यांनी सिसिलीची केलेली बदनामी आहे, असे सांगणारे पुढारी, प्राध्यापक आणि काही धर्मगुरूही निघाले. जे अस्तित्वात नाही त्याविरुद्ध कायदा कसा करणार? दि. ३० एप्रिल १९८२ रोजी पिओ ला तोरे या कम्युनिस्ट खासदाराची पालेर्मोत हत्या झाली. माफियाचा सदस्य असणे हाच गुन्हा ठरवावा आणि त्याची संपत्ती जप्त करावी, असा प्रस्ताव त्यांनी मांडला होता. तो धूळ खात पडला. दहशतवाद मोडून काढल्याबद्दल ख्यातकीर्त असलेले जनरल दाल्ला किएसा यांना मग पालेर्मोला पाठवण्यात आले. त्यांना हवे असलेले अधिकार मात्र पाठवण्यात आले नाहीत. सुमारे चार महिन्यांत, दि. ३ सप्टेंबर १९८२ रोजी, त्यांना पत्नीसह ठार करण्यात आले. ‘येथे पालेर्मोच्या प्रामाणिक माणसांची आशा मेली’ असा फलक त्या जागी कोणी तरी लावला. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांत रोमच्या संसदेने ला तोरे यांचा कायदा संमत केला. माफिया हा शब्द इटलीच्या दंडसंहितेत प्रथमच आला, तो एवढे रक्त सांडल्यावर.

या कायद्याची व्याख्या मुद्दाम पाहण्यासारखी आहे. किती खून केले, किती माल पकडला याचा तिथे हिशेब नाही. संघटनेच्या नुसत्या नावाने निर्माण होणारी दहशत, त्या दहशतीतून येणारी लाचारी आणि त्या लाचारीतून पाळले जाणारे मौन, या तिन्हींचा जी मंडळी लाभ उठवते ती माफिया. समाजाच्या मौनाचा असा सरळ उल्लेख करणारे फौजदारी कलम विरळाच.

कायदा झाला तरी तो चालवणारी माणसे लागतात. पालेर्मोच्या न्यायालयात रोक्को किन्निची यांनी तपासी न्यायाधीशांचा एक गट बांधला. जुलै १९८३ मध्ये मोटारीत ठेवलेल्या स्फोटकांनी त्यांचा बळी घेतला. त्यांच्या तालमीत तयार झालेले जोव्हान्नी फाल्कोने आणि पाओलो बोर्सेल्लीनो हे दोघे पालेर्मोच्या एकाच वस्तीत वाढलेले. माफियाच्या बंदुकीच्या मागे न जाता त्याच्या धनादेशाच्या मागे जायचे, ही फाल्कोने यांची पद्धत. बँकांचे व्यवहार तपासत ते अटलांटिकपलीकडे न्यूयॉर्कपर्यंत पोहोचले. टोळीयुद्धात दोन मुले गमावलेला तोम्मासो बुशेत्ता १९८४ मध्ये त्यांच्यापुढे बोलू लागला आणि ‘कोझा नोस्त्रा’ची सारी रचना प्रथमच उजेडात आली.

खटल्याचे आरोपपत्र लिहिण्यासाठी १९८५ मध्ये या दोघांना सहकुटुंब आझिनारा बेटावरील तुरुंगात मुक्काम करावा लागला, कारण बाहेर त्यांच्या जिवाची हमी देता येत नव्हती. आठ हजारांहून अधिक पानांच्या त्या आरोपपत्राचे काम आटोपल्यावर सरकारने त्यांना राहण्याजेवण्याचे बिल पाठवले! सरकारी यंत्रणा कोणत्याही देशाची असो, तिची विनोदबुद्धी सारखीच.

फेब्रुवारी १९८६ मध्ये तुरुंगाला लागून खास बांधलेल्या काँक्रीटच्या न्यायालयात सुमारे ४७५ आरोपींवर खटला उभा राहिला. डिसेंबर १९८७ मध्ये निकाल लागला, तेव्हा तीनशेहून अधिक दोषी ठरले, १९ जणांना जन्मठेप झाली आणि इतरांच्या शिक्षांची बेरीज २,६६५ वर्षे झाली. सव्वाशे वर्षांत जे घडले नव्हते ते घडले. पण महिन्याभरातच, जानेवारी १९८८ मध्ये, त्या तपासी गटाचे प्रमुखपद फाल्कोने यांना नाकारण्यात आले. ज्येष्ठतेच्या नियमावर बोट ठेवून ते दुसऱ्याला देण्यात आले. १९८९ मध्ये त्यांच्या समुद्रकाठच्या घराजवळ स्फोटके सापडली, तर ती त्यांनी स्वतःच ठेवली असावीत अशी कुजबुज सुशिक्षितांच्या बैठकीत झाली. माफियाची गोळी लागण्याच्या आधी मनुष्य एकटा पाडला जातो. ते काम माफिया करीत नाही. ते त्याचे सहकारी, शेजारी आणि हितचिंतक करतात.

जानेवारी १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षा कायम केल्या आणि माफियाने सूड उगवला. दि. २३ मे १९९२ रोजी कापाची येथे महामार्गाखाली सुमारे ५०० किलो स्फोटके उडवून फाल्कोने, त्यांची पत्नी आणि तीन अंगरक्षक यांना ठार करण्यात आले. त्यानंतर ५७ दिवसांनी, दि. १९ जुलै रोजी, आईला भेटायला गेलेले बोर्सेल्लीनो तिच्या दारातच पाच अंगरक्षकांसह मृत्युमुखी पडले. बळींची ही यादी पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ला तोरे कम्युनिस्ट. १९८० मध्ये मारले गेलेले सिसिलीचे मुख्यमंत्री पिएरसांती मात्तारेल्ला ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे. त्यांचे बंधू २०१५ मध्ये इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले. बोर्सेल्लीनो विद्यार्थिदशेत उजव्या विचारांच्या संघटनेत काम केलेले. सप्टेंबर १९९३ मध्ये मारले गेलेले पिनो पुल्यीझी हे पालेर्मोच्या गरीब वस्तीतील पोरांना टोळ्यांपासून दूर ओढणारे पाद्री. राजकारणाच्या आखाड्यात ज्यांचे एकमेकांशी क्षणभर पटले नसते, ती माणसे एकाच गोळीने मेली. राष्ट्रजीवनात काही प्रश्न असे असतात की, तिथे पक्षाची पागोटी बाहेर ठेवूनच आत यावे लागते.

त्या उन्हाळ्यात पालेर्मोच्या गृहिणींनी गॅलऱ्यांतून पांढऱ्या चादरी टांगल्या आणि त्यांवर आपला संताप लिहिला. बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटेल. ज्या शहरात खुनाचा आवाज झाला की खिडक्या बंद होत, तिथे खिडकीतून चादर बाहेर काढणे म्हणजे आपल्या घराचा पत्ता जाहीर करणे होते.

शासनाचा दंड त्यानंतर जोरात चालला. जानेवारी १९९३ मध्ये माफियाचा सर्वोच्च म्होरक्या तोतो रीना पकडला गेला. ४३ वर्षे फरारी असलेला प्रोव्हेन्झानो २००६ मध्ये सापडला. पण दंडाच्या जोडीला सामान्य दुकानदाराची जी चळवळ उभी राहिली, तिच्याकडे जगाचे लक्ष कमी गेले. ग्रास्सींच्या पत्राच्या महिनाभर आधी, डिसेंबर १९९० मध्ये, सिसिलीच्या उत्तर किनाऱ्यावरील कापो दोर्लांदो या लहान गावात दुकानदारांनी खंडणीविरोधी संघटना स्थापली होती. तिचे पुढारी तानो ग्रास्सो हेही एक दुकानदारच. त्यांनी एकेकट्याने नव्हे, सर्वांनी मिळून पोलिसात फिर्याद दिली आणि न्यायालयात एकत्र साक्षी दिल्या. खंडणीखोरांना शिक्षा झाल्या आणि दुकानदारांपैकी कोणी मारले गेले नाही. पालेर्मोत ग्रास्सी एकटे होते म्हणून मारले गेले. कापो दोर्लांदोत मारायचे कोणाकोणाला, असा प्रश्न खंडणीखोरांपुढे पडला.

पालेर्मोला हा मार्ग दिसायला आणखी चौदा वर्षे लागली. दि. २९ जून २००४ च्या सकाळी शहराच्या मध्यवस्तीतील भिंतींवर, खांबांवर लहान लहान कागद चिकटवलेले आढळले. ‘खंडणी देणारा समाज हा स्वाभिमान नसलेला समाज’ अशा अर्थाचा मजकूर त्यांवर होता. ते कृत्य काही तरुण-तरुणींचे होते. एक छोटे उपाहारगृह काढण्याचा त्यांचा बेत होता. खर्चाचा अंदाज मांडताना पिझ्झोची रक्कम कुठल्या रकान्यात धरायची, असा प्रश्न निघाला आणि त्या प्रश्नानेच ते हादरले. ‘अद्दीओपिझ्झो’ या त्यांच्या चळवळीची खुबी अशी की, त्यांनी आधी दुकानदाराला धीर देत बसण्याऐवजी ग्राहकाला गाठले. खंडणी नाकारणाऱ्याकडेच खरेदी करू, अशी हजारो ग्राहकांनी स्वाक्षरीनिशी हमी दिली. हे पाठबळ दिसल्यावर २००६ मध्ये शंभरेक व्यापाऱ्यांनी आपली नावे जाहीर केली. पुढे हा आकडा हजाराच्या घरात गेला. ज्या कारखानदार संघटनेने ग्रास्सींची टर उडवली होती, तिच्याच सिसिली शाखेने २००७ मध्ये खंडणी देणाऱ्या सभासदाला काढून टाकण्याचा ठराव केला.

माफियाच्या जमिनींचेही असेच झाले. जप्त मालमत्ता समाजकार्यासाठी द्यावी, या मागणीसाठी दहा लाख स्वाक्षऱ्या गोळा झाल्या आणि १९९६ मध्ये तसा कायदा झाला. रीनाच्या कोर्लेओने परिसरातील शेतांत आज तरुणांच्या सहकारी संस्था गहू आणि द्राक्षे पिकवतात.

येथे महाराष्ट्राचा संदर्भ अपरिहार्य आहे. तस्करांची संपत्ती जप्त करणारा कायदा भारताने १९७६ मध्येच, म्हणजे इटलीच्या सहा वर्षे आधी केला. दि. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत २५७ बळी गेल्यानंतर आणि खंडणीसाठी भर रस्त्यात खून पडू लागल्यानंतर महाराष्ट्राने १९९९ मध्ये ‘मोक्का’ आणला. २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतही संघटित गुन्हेगारीचे स्वतंत्र कलम आहे. म्हणजे कायद्यात भारत मागे नव्हता. परंतु २००० साली दाऊद इब्राहिमच्या मुंबईतील जप्त मालमत्तेचा सरकारने लिलाव पुकारला, तेव्हा बोली लावायला एकही माणूस फिरकला नाही. मालक देशाबाहेर पळालेला, मालमत्ता सरकारच्या ताब्यात आणि तरी कोट्यवधींच्या उलाढाली करणाऱ्या या शहरात कोणाचा हात वर होईना! त्याच्या इमारती विकल्या गेल्या त्या २०१७ मध्ये आणि रत्नागिरी जिल्ह्यातील त्याच्या गावची मालमत्ता २०२० मध्ये. मधल्या काळात हातावर मोजता येतील अशा काही नागरिकांनी बोली लावण्याचे धैर्य दाखवले. जप्ती हे सरकारचे काम. जप्त वस्तू विकत घेणे हे समाजाचे.

जपानने हे ओळखून निराळी वाट धरली. तेथील याकुझा टोळ्यांचे सभासद १९६० च्या दशकाच्या प्रारंभी सुमारे १,८०,००० होते. २०११ पर्यंत सर्व प्रांतांनी असे नियम केले की, टोळीला पैसे देणारा किंवा तिच्याशी व्यवहार करणारा व्यापारीही दोषी. टोळीवाल्याला बँकेत खाते मिळेना, घर भाड्याने मिळेना. २०२४ मध्ये हा आकडा २०,००० च्या खाली आला. मात्र त्यांची जागा आता नाव-गाव नसलेल्या, कामापुरत्या जमणाऱ्या आणि पांगणाऱ्या टोळ्या घेत आहेत आणि जपानचे पोलीस नव्याने चक्रावले आहेत.

इटलीतही लढाई संपलेली नाही. कोझा नोस्त्रा दुबळी झाली, तशी समोरच्या कालाब्रिया प्रांतातील ‘एन्द्रांगेता’ युरोपात पसरली. ऑगस्ट २००७ मध्ये जर्मनीच्या डुइसबर्ग शहरात तिच्या अंतर्गत वैरातून सहा जण मारले गेले, तेव्हा ही वसाहत आपल्या घरात असल्याचे जर्मनांना उमगले. नोव्हेंबर २०२३ मध्ये कालाब्रियातील महाखटल्यात दोनशेहून अधिक जणांना शिक्षा झाली. खंडणीविरोधी लढ्याचे सिसिलीतील निशाण मिरवणारा एक बडा उद्योजक २०१८ मध्ये स्वतःच भ्रष्टाचाराच्या आरोपाखाली पकडला गेला. बोर्सेल्लीनो यांच्या हत्येचा तपास खोट्या साक्षींनी वर्षानुवर्षे भरकटवला गेल्याचे न्यायालयानेच म्हटले आहे. आणि मात्तेओ मेस्सीना देनारो हा ३० वर्षे फरारी असलेला म्होरक्या जानेवारी २०२३ मध्ये पालेर्मोच्या रुग्णालयात सापडला, तेव्हा कळले की, तो आपल्या जन्मगावापासून काही किलोमीटरवरच्या गावात राहत होता. बाजारहाट करीत होता. त्याला कोणी ओळखले नव्हते, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

ग्रास्सी जिथे पडले त्या पदपथावर संगमरवरी स्मृतिफलक नाही. कुटुंबीयांनी तो लावू दिला नाही. दरवर्षी २९ ऑगस्टला सकाळी ते तिथे येतात, फरसबंदीवर लाल रंग ओततात आणि भिंतीवर हाताने लिहिलेला कागद चिकटवतात. माफियाने मारले, कारखानदार संघटनेच्या मौनाने मारले, राजकीय पक्षांच्या बेपर्वाईने मारले, शासनाच्या गैरहजेरीने मारले, असे त्यावर लिहिलेले असते. पावसात कागद भिजतो, फाटतो. पुढच्या वर्षी नवा लिहिला जातो.